शोधयंत्रास द्यावयाच्या सूचना

ग्रंथालयाच्या खिडकीशीं येऊन एखादा वाचक ‘शेतीवरचें एखादें चांगलें पुस्तक द्या’ असें म्हणतो, तेव्हां त्या एका वाक्यांत न बोललेल्या अनेक अटी दडलेल्या असतात. पुस्तक मराठी असावें, घरीं नेण्याजोगें असावें, फार जुनें नसावें, आणि कपाटांतील शंभर पुस्तकें समोर न मांडतां चार-पांचच दाखवावीं, हें सारें अनुभवी ग्रंथपाल न सांगतां ओळखतो. समोरचा वाचक शाळकरी मुलगा आहे कीं शेतकी महाविद्यालयांतील अध्यापक आहे, हें तो पाहूनच ताडतो. आणि जें पुस्तक बाहेर द्यावयाचें नाहीं त्याचें नांव तो काढीतच नाहीं. यंत्राला असें ताडतां येत नाहीं. माणूस ज्या अटी गृहीत धरतो, त्या यंत्रापुढें एकेक करून लेखी मांडाव्या लागतात.

अशा प्रत्येक लेखी अटीला संगणकाच्या परिभाषेंत ‘पॅरामीटर’ म्हणतात. त्याचीं अंगें दोन. एक नांव आणि एक मूल्य. बँकेंत पैसे भरण्याच्या चिठ्ठीवर एका बाजूस ‘रक्कम’ असें छापलेलें असतें आणि त्यापुढें आंकडा भरावयाचा असतो, तसाच हा प्रकार आहे. भेद इतकाच कीं, बँकेच्या चिठ्ठीवरील रकाने ठराविक असतात. उलट कित्येक शोधयंत्रांच्या चिठ्ठीवर ज्यानें त्यानें स्वतःचा नवा रकाना आंखावा अशी मुभा असते. ही मुभा मोठी उपयोगाची आहे आणि तितकीच ती सांभाळून वापरण्याजोगी आहे. ती कशी, हें ‘सोलर’ नांवाच्या एका प्रसिद्ध शोधयंत्राच्या उदाहरणानें चांगलें समजतें.

सोलरचा पाया ‘ल्युसीन’ हा आहे. डग कटिंग या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें तो १९९९ सालीं घातला. ग्रंथाच्या शेवटीं जशी शब्दसूची असते, म्हणजे शब्द आधीं आणि तो ज्या पृष्ठांवर आला त्यांचे आंकडे त्यापुढें, तशीच सूची ल्युसीन लक्षावधि लेखांची करून ठेवतें. त्यामुळें शोधाच्या वेळीं लेख चाळावे लागत नाहींत, सूची पाहिली कीं काम भागतें. या पायावर योनिक सीली यानें २००४ सालीं सी-नेट या अमेरिकन कंपनींत सोलरची उभारणी केली. २००६ सालीं कंपनीनें तें अपाची सॉफ्टवेअर फौंडेशन या संस्थेच्या स्वाधीन केलें, आणि तेव्हांपासून तें सर्वांना मोफत व खुलें झालें. २०२१ सालीं ल्युसीनपासून वेगळें होऊन तें संस्थेचें स्वतंत्र कार्य बनलें.

सोलरला प्रश्न विचारण्याची मूळ रीत वेबच्या पत्त्याची आहे. पत्त्यापुढें प्रश्नचिन्ह, त्यापुढें नांव, बरोबरीचें चिन्ह व मूल्य, आणि दोन सूचनांच्या मध्यें ‘आणि’चें इंग्रजी चिन्ह, अशी ती लांबलचक ओळ असते. ती हातानें लिहूं गेल्यास घोटाळे फार होतात. शोधावयाच्या नांवांतच ‘आणि’चें चिन्ह असलें तर यंत्राला तेथें सूचना संपली असें वाटतें, मोकळी जागा व देवनागरी अक्षरें तर सांकेतिक रूपांत बदलल्यावांचून पाठवितांच येत नाहींत. जावा भाषेंत प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा हा त्रास वाचावा म्हणून सोलरबरोबर ‘सोलर-जे’ नांवाचें साहाय्यक साहित्य दिलेलें असतें. २००८ सालच्या १.३ या आवृत्तीपासून तें सोलरच्या जोडीला आहे. प्रोग्रामरनें नांव व मूल्य सांगावें, चिठ्ठी नीट लिहिण्याचें काम सोलर-जे करतें.

सोलर-जे मध्यें जी चिठ्ठी भरावयाची तिचें नांव ‘सोलर-क्वेरी’. नेहमींच्या कामांसाठीं तिच्यावर तयार क्रिया आहेत. शोधाचे शब्द लिहिण्यास ‘सेट-क्वेरी’, किती उत्तरें हवींत तें सांगण्यास ‘सेट-रोझ’, कितव्यापासून हवींत तें सांगण्यास ‘सेट-स्टार्ट’, आणि चाळणी लावण्यास ‘अ‍ॅड-फिल्टर-क्वेरी’. नवशिक्याला वाटतें कीं इतक्या क्रिया दिल्या आहेत त्याअर्थीं इतक्याच सूचना देतां येत असाव्यात, आणि सोलरच्या पुस्तकांत वर्णिलेली एखादी सूचना या क्रियांच्या यादींत सांपडली नाहीं म्हणजे तो अडून बसतो. वस्तुतः अडण्याचें कारण नाहीं. सोलर-क्वेरी ही आंतून एक साधी नोंदवही आहे. डावीकडे नांव, उजवीकडे एक किंवा अनेक मूल्यें. ‘सेट-रोझ’ ही क्रिया दुसरें कांहीं करीत नाहीं, त्याच वहींत ‘रोझ’ या नांवापुढें आंकडा मांडते. तेंच काम ‘सेट’ या सामान्य क्रियेला ‘रोझ’ हें नांव आणि वीस हा आंकडा देऊन करतां येतें, आणि फळांत तिळमात्र फरक पडत नाहीं. ज्या सूचनेसाठीं तयार क्रिया नाहीं तिच्यासाठीं हीच सामान्य वाट खुली असते.

मात्र या सामान्य वाटेवर दोन दारें आहेत, आणि त्यांतील भेद न जाणल्यानें पुष्कळांची फसगत होते. एक दार ‘सेट’चें, दुसरें ‘अ‍ॅड’चें. ‘सेट’ म्हणजे मांडणें. त्या नांवापुढें पूर्वीं जें लिहिलें असेल तें पुसून नवें मूल्य मांडणें. ‘अ‍ॅड’ म्हणजे जोडणें. पूर्वींचें तसेंच ठेवून त्याखालीं नवें लिहिणें. ‘सेट’ला मूल्य म्हणून ‘नल’ म्हणजे शून्यत्व दिलें, तर तें नांवच वहींतून निघून जातें. शोधाचे शब्द, उत्तरांची संख्या, अशा सूचना एकेकट्याच असावयाच्या. त्यांना ‘सेट’ योग्य. त्यांना ‘अ‍ॅड’ वापरल्यास वहींत एकाच नांवापुढें दोन मूल्यें पडतात आणि सोलर त्यांतील पहिलेंच वाचतें. दुसरें लिहिणाऱ्याला मात्र तें लागू झालें आहे असा भ्रम राहतो. चाळण्यांची गोष्ट उलट आहे. ‘एफ-क्यू’ या नांवानें जाणाऱ्या चाळण्या कितीही असूं शकतात आणि उत्तराला त्या सर्वांतून उतरावें लागतें. तेथें ‘सेट’ वापरणें म्हणजे आधीं लावलेल्या साऱ्या चाळण्या काढून टाकणें होय.

हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे, हें एका प्रत्यक्ष उदाहरणावरून दिसेल. ‘डीस्पेस’ ही ग्रंथ व प्रबंध सांठविण्याची प्रणाली अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ग्रंथालयानें ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या सहकार्यानें २००२ सालीं प्रसिद्ध केली. विश्वविद्यालयांच्या प्रबंधांचें ‘शोधगंगा’ हें भारतीय भांडार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रानें याच प्रणालीवर उभारलें. पीएच. डी. चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक रूपांत सादर करण्याचा नियम विश्वविद्यालय अनुदान मंडळानें २००९ सालीं केला, आणि महाराष्ट्रांतील विश्वविद्यालयांचे प्रबंधही शोधगंगेंत आहेत. डीस्पेस ही जावा भाषेंत लिहिलेली आहे आणि तिची शोधाची व्यवस्था सोलर-जे च्या मार्गें सोलरशीं बोलते.

अशा भांडारांत सर्वच वस्तु सर्वांसाठीं खुल्या नसतात. एखादा प्रबंध पेटंटच्या अर्जामुळें कांहीं काळ झांकून ठेवलेला असतो, एखादा संग्रह एका संस्थेच्या सभासदांपुरताच असतो. म्हणून डीस्पेसमध्यें शोधाची चिठ्ठी निघण्यापूर्वीं तिला एक चाळणी जोडली जाते. शोधणारा ज्या गटांत मोडतो त्या गटांना वाचण्याचा अधिकार असलेल्या वस्तूच उत्तरांत याव्यात, ही ती चाळणी. ती ‘अ‍ॅड’ या दारानें जोडली जाते. आतां असें समजावें कीं पुढें एखाद्या प्रोग्रामरला, फक्त मराठी प्रबंध दाखवावेत, अशी भाषेची चाळणी हवी झाली आणि त्यानें घाईनें ती ‘सेट’च्या दारानें घातली. उत्तरें मराठींतच येतील, पडद्यावर सर्व सुरळीत दिसेल, कोठेंही चुकीची घंटा वाजणार नाहीं. परंतु अधिकाराची चाळणी पुसली गेलेली असेल, आणि झांकलेल्या वस्तूंचीं शीर्षकें व सारांश कोणाच्याही यादींत डोकावण्याचा धोका उत्पन्न होईल. एका क्रियापदाच्या निवडींत एवढें सामावलेलें आहे. डीस्पेसच्या रचनाकारांनीं याची जाणीव ठेवलेली दिसते. शोधाच्या मागणीबरोबर स्वतःच्या नांवाची एखादी सूचना सोलरकडे पोंचवावयाची असल्यास ‘अ‍ॅड-प्रॉपर्टी’ नांवाची क्रिया तेथें ठेवलेली आहे, आणि तिनें दिलेलीं मूल्यें शेवटीं सोलर-क्वेरीच्या वहींत उतरतात तीं ‘अ‍ॅड’च्याच मार्गानें.

येथवर सोलरला ठाऊक असलेल्या नांवांचा विचार झाला. पण सोलरनें कधीं न ऐकलेलें नांव चिठ्ठींत घातलें तर काय होईल? बँकेचा कारकून अपरिचित रकाना दिसतांच चिठ्ठी परत करील. सोलर तसें करीत नाहीं. तें अपरिचित सूचना मुकाट्यानें स्वीकारतें, जवळ बाळगतें, आणि कोणी विचारल्यास पुढें करतें. कोणी न विचारल्यास ती तशीच पडून राहते. या उदार धोरणामुळेंच स्वतःच्या सूचना शक्य होतात. सोलरच्या शोधाचें काम अनेक घटकांच्या रांगेंतून पार पडतें, आणि त्या रांगेंत स्वतः लिहिलेला घटक उभा करण्याची सोय आहे. समजा, प्रबंधांच्या भांडारांत मार्गदर्शकाचें नांव जुळल्यास त्या प्रबंधाला किती झुकतें माप द्यावें, हें प्रत्येक वेळीं निराळें ठरवावयाचें आहे. प्रोग्रामरनें सोलर-जे मध्यें ‘सेट’ करून ‘मार्गदर्शक-भार’ अशा नांवापुढें तीन हा आंकडा लिहावा; पलीकडे त्याच्याच घटकानें चिठ्ठी उघडून त्या नांवाचा आंकडा मागावा, आणि तो नसल्यास एक धरावा. मधल्या कोणालाही त्याचा अर्थ कळण्याची गरज नसते. बंद पाकीट पोस्टमननें न वाचतांच पोंचवावें तशी ही वाहतूक होते.

पण ह्याच उदारपणाची दुसरी बाजू अशी कीं, चुकलेलें नांव आणि नवें नांव यांतील भेद यंत्राला कळत नाहीं. ‘रोझ’ लिहावयाच्या ऐवजीं शेवटचें अक्षर गळून ‘रो’ असें गेलें, तर सोलर तक्रार करीत नाहीं. कोणा अज्ञात घटकासाठींची ही सूचना असेल असें मानून तें ती बाजूस ठेवतें, आणि खऱ्या ‘रोझ’ची सूचना आली नाहीं म्हणून स्वतःच्या रिवाजाप्रमाणें दहाच उत्तरें देतें. मागणाऱ्यानें पन्नास मागितलीं होतीं. दहा पाहून त्याला वाटतें कीं भांडारांत इतकेंच आहे. चुकीच्या उत्तरापेक्षां हें अधिक फसवें, कारण त्यांत खोटें कांहीं नसतें. जें आहे तें खरेंच असतें, फक्त अपुरें असतें. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यानें अशा अपुऱ्या यादीवर विसंबून ‘या विषयावर पूर्वीं काम झालेलें नाहीं’ असें लिहिलें, तर दोष कोणाचा म्हणावयाचा?

या मौनावर उपाय सोलरमध्येंच आहे. ‘एको-पॅराम्स’ नांवाची एक सूचना असून तिला ‘ऑल’ हें मूल्य दिलें म्हणजे सोलर उत्तराच्या मथळ्यांत, आपणांस कोणकोणत्या सूचना लागू आहेत, त्या सर्वांची यादी परत करतें. यादींत मागणाऱ्यानें पाठविलेल्या सूचना असतात आणि सोलरच्या बाजूनें भरल्या गेलेल्याही असतात. व्यवहारांत तोंडी निरोप दिल्यावर शहाणा मनुष्य निरोप्याकडून तो एकदां म्हणवून घेतो, त्यांतलाच हा प्रकार. नवी सूचना प्रथम वापरतांना ही यादी मागवून नांवें अक्षरशः ताडून पाहणें, हें दोन मिनिटांचें काम आहे; तें न केल्यानें गेलेले दिवस मोजण्यापलीकडचे असतात. तरीही एक मर्यादा ध्यानांत ठेवावी. सूचना पोंचली एवढेंच यादी सांगते. ती कोणीं वाचली कीं नाहीं, हें सांगत नाहीं. त्यासाठीं मूल्य बदलून उत्तर बदलतें कीं नाहीं तें पाहणें हाच मार्ग.

वर ‘सोलरच्या बाजूनें भरल्या गेलेल्या सूचना’ असें म्हटलें, त्याचा खुलासा केला पाहिजे, कारण सूचना कोणी द्यावी हा प्रश्न ती कशी द्यावी याहून मोठा आहे. प्रोग्रामरनें चिठ्ठींत लिहावयाचें तें एक. आणि सोलरच्या कचेरींत, मागण्या हाताळणाऱ्या विभागाच्या टिपणांत, आधींच लिहून ठेवावयाचें तें दुसरें. या टिपणाचे तीन वर्ग आहेत. पहिला ‘डिफॉल्ट्स’, म्हणजे मागणाऱ्यानें कांहीं न सांगितल्यास लागू होणाऱ्या सूचना. त्यानें सांगितलें कीं त्या हटतात. दुसरा ‘अपेंड्स’, म्हणजे मागणाऱ्यानें कांहींही सांगितलें तरी त्याच्या सांगण्याला जोडल्या जाणाऱ्या. तिसरा ‘इन्व्हेरिअंट्स’, म्हणजे मागणाऱ्याला मुळींच बदलतां न येणाऱ्या. घरांत पाहुण्याला चहा विचारल्यावांचून दिला जातो, पण त्यानें कॉफी मागितली तर कॉफी येते, हा पहिला वर्ग. त्यानें कांहींही मागितलें तरी सोबत पाणी येतें, हा दुसरा. आणि देवघरांत कोणीही जोडे घालून जावयाचें नाहीं, हा तिसरा.

येथेंही एक खांचखळगा आहे. एखाद्यानें महत्त्वाची चाळणी पहिल्या वर्गांत लिहून ठेवली आणि मागणाऱ्याच्या चिठ्ठींत दुसरीच कोणती चाळणी आली, तर दोन्ही एकत्र होत नाहींत. मागणाऱ्याची राहते आणि कचेरींतली जाते. म्हणून जी चाळणी कधींच सुटतां कामा नये, तिची जागा दुसऱ्या वर्गांत असली पाहिजे. सोयीच्या गोष्टी चिठ्ठींत असाव्या आणि संरक्षणाच्या गोष्टी कचेरींत असाव्या, हें सूत्र ध्यानांत ठेवलें कीं बहुतेक निर्णय आपोआप होतात. आणि मूळ सोलरचें दार थेट जगासाठीं उघडें ठेवूं नये. लोकांच्या व त्याच्यामध्यें स्वतःचा प्रोग्राम उभा असावा, हें तर सर्वमान्यच आहे.

चाळणी कचेरींत आणि माणूस मात्र दरवेळीं निराळा, हा पेंच कसा सुटावा? त्यासाठीं सोलरनें एक सुंदर युक्ति ठेवली आहे. एका सूचनेच्या मूल्यांत डॉलरचें चिन्ह लावून दुसऱ्या सूचनेचें नांव लिहितां येतें, आणि सोलर त्या नांवाचें मूल्य तेथें आणून वाचतें. कचेरींतील चाळणींत असें लिहावें कीं, वाचण्याच्या अधिकाराच्या रकान्यांत ‘डॉलर-गट’ यांपैकीं एखादें चिन्ह असलेंच पाहिजे. आणि प्रोग्रामरनें सोलर-जे मधून ‘गट’ ही स्वतःची सूचना ‘सेट’ करून त्या-त्या माणसाचे गट पाठवावेत. नियमाचा सांचा एका जागीं, त्यांत भरावयाचा मजकूर दुसऱ्या जागीं. वाचकानें टंकिलेले शब्दही याच रीतीनें वेगळ्या सूचनेंत न्यावेत. ते सूचनेच्या वाक्यांत चिकटवून पाठविल्यास, कंस, तारका, अवतरणचिन्ह यांना सोलरच्या भाषेंत अर्थ असल्यामुळें वाक्य मोडतें, किंवा कोणी मुद्दाम तसें लिहून नियमच वांकवितो. चिकटविणें अटळ असेल तेथें ‘एस्केप-क्वेरी-चार्स’ या सोलर-जे च्या क्रियेनें त्या चिन्हांची धार आधीं बोथट करून घ्यावी.

शेवटीं मराठी मजकूर पाठविणाऱ्यांसाठीं एक विशेष गोष्ट. वेबच्या पत्त्यांत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन तुकड्यांत मोडतें आणि प्रत्येक तुकड्याला तीन इंग्रजी चिन्हें लागतात; एकूण नऊ. ‘ग्रंथ’ हा दिसण्यांत दोन अक्षरी शब्द. पण ग, हलन्त, र, अनुस्वार आणि थ अशीं पांच चिन्हें मिळून तो पत्त्यांत पंचेचाळीस जागा अडवितो. सोलर ज्या सर्व्हरवर चालतें तेथें मागणीच्या मथळ्याला सामान्यतः ८१९२ बाइटांचीच जागा नेमलेली असते. इंग्रजींत जी चिठ्ठी सहज मावते तीच मराठींत ओसंडून जाते, आणि गटांची लांब यादी सोबत असली तर लौकरच. त्यावर उपाय सोपा आहे. सोलर-जे मध्यें मागणी पाठवितांना ‘पोस्ट’ ही पद्धत निवडावी. म्हणजे चिठ्ठी पत्त्यावर न लिहितां पाकिटाच्या आंत जाते आणि जागेची ही अडचण राहत नाहीं.

तात्पर्य, स्वतःची सूचना देणें हें एका ओळीचें काम आहे. नांव सांगावें, मूल्य सांगावें, ‘सेट’ म्हणावें कीं झालें. परंतु त्या एका ओळीपूर्वीं तीन गोष्टी मनाशीं ठरल्या पाहिजेत. जुनें पुसावयाचें आहे कीं नवें जोडावयाचें आहे; ही गोष्ट मागणाऱ्याच्या मर्जीवर सोडण्याजोगी आहे कीं कचेरींत बांधून ठेवण्याजोगी आहे; आणि पलीकडे ती खरोखर कोणी वाचणार आहे कीं नाहीं. खिडकीवरचा ग्रंथपाल न समजलेलें वाक्य पुन्हां विचारून घेतो. यंत्र विचारीत नाहीं. तें विचारीत नाहीं म्हणूनच तें काम चिठ्ठी लिहिणाऱ्यावर येतें, आणि त्याच्या दक्षतेवरच पलीकडे बसलेल्या, या सर्वांतलें कांहींही ठाऊक नसलेल्या वाचकाचा विश्वास उभा असतो.